वडिलांच्या झोपेसाठी पेप्टाइडचे इंजेक्शन द्यावे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी कृषी केंद्र चालवतात आणि घरची कोरडवाहू व ओलिताची शेतीही पाहतात. त्यांचे वडील ५८ वर्षांचे आहेत. दिवाळीपासून वडिलांची झोप मोडली आहे. रात्री दहाला पाठ टेकतात, तीनच्या सुमारास जाग येते आणि उजाडेपर्यंत ते खाटेवर बसून असतात. जेवण कमी झाले आहे, कपडे ढिले होऊ लागले आहेत, बोलणेही पूर्वीसारखे राहिलेले नाही. मेडिकलमधून आणलेली अल्प्राझोलाम ही झोपेची गोळी ते अधूनमधून घेतात. पुण्यातील मेहुण्याने इंटरनेटवरून मागवलेल्या ‘डीएसआयपी’ या पेप्टाइडच्या काही कुप्या आणि ‘सीजेसी-१२९५’ व ‘इपामोरेलिन’ यांच्या मिश्रणाची एक कुपी पाठवली आहे. इन्सुलिनच्या सिरिंजने पोटाच्या कातडीखाली टोचायचे, सवय लागत नाही आणि नैसर्गिक गाढ झोप येते, असे त्यांना सांगण्यात आले आहे.

मी विदर्भाच्या ग्रामीण भागात मनोविकारतज्ज्ञ म्हणून दीर्घकाळ काम करीत आहे. माझे उत्तर ‘देऊ नका’ असे आहे. मात्र त्यामागचे कारण ‘हे औषध नवीन आहे आणि अजून तपासले गेलेले नाही’ असे आपण समजत असाल, तर ते तसे नाही. डीएसआयपी हे जुने आहे, माणसांवर तपासले गेले आहे, आणि तपासणीत त्याचा गुण फारसा न दिसल्यामुळे मागे पडलेले आहे.

झोप ही रक्तातून किंवा मेंदूतील द्रवातून दुसऱ्याला देता येईल, ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. जपानमध्ये इशिमोरी यांनी १९०९ मध्ये आणि फ्रान्समध्ये पिएराँ यांनी १९१३ मध्ये, अनेक दिवस जागे ठेवलेल्या कुत्र्यांच्या मेंदूतील द्रव दुसऱ्या कुत्र्यांना टोचला आणि ते कुत्रे झोपी गेले असे नोंदवले. पुढे स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे मोनिए आणि शोएनेनबेर्गर यांच्या गटाने सशांच्या मेंदूतील थॅलॅमस या भागाला विजेची मंद उत्तेजना देऊन त्यांना झोपवले, मेंदूतून परत येणारे रक्त गोळा केले आणि त्यातून एक पेप्टाइड वेगळे काढले. १९७० च्या दशकात त्याची रचना ठरली. त्यात नऊ अमिनो आम्ले आहेत आणि पहिले ट्रिप्टोफॅन आहे. मेंदूच्या आलेखावर गाढ झोपेत ज्या संथ डेल्टा लहरी दिसतात, त्यांवरून त्याला ‘डेल्टा झोप आणणारे पेप्टाइड’ हे नाव पडले आणि त्याचेच लघुरूप डीएसआयपी.

पेप्टाइड हा शब्द ऐकून घाबरण्याचे कारण नाही, हे आधी सांगतो. अमिनो आम्लांची छोटी साखळी म्हणजे पेप्टाइड. इन्सुलिनही ५१ अमिनो आम्लांचे बनलेले आहे, आणि आपल्या गावात ते घेणारी माणसे नक्कीच असतील. शरीरात असे पदार्थ शेकडो आहेत. प्रश्न एवढाच असतो की विशिष्ट पेप्टाइड कोणत्या पेशीवरील कोणत्या ग्राहीला (संदेश घेणाऱ्या जागेला) चिकटते, तेथे काय घडवते, आणि ते रक्तात किती वेळ टिकते. इन्सुलिनबाबत या तिन्ही गोष्टी स्पष्ट आहेत. डीएसआयपीबाबत मात्र त्याचा शरीरातील जनुक सापडलेला नाही आणि त्याची ग्राहीही निश्चित झालेली नाही. रक्तात ते काही मिनिटांतच तुटू लागते. २००६ मध्ये या पेप्टाइडचा आढावा घेताना रशियन संशोधकांनी लेखाच्या शीर्षकातच त्याला न सुटलेले कोडे म्हटले होते.

माणसांवरचे प्रयोग १९८० च्या दशकात झाले. दीर्घकालीन निद्रानाश असलेल्या रुग्णांना ते शिरेतून, वजनाच्या प्रत्येक किलोमागे २५ नॅनोमोल या प्रमाणात, सावकाश देण्यात आले. ६० किलो वजनाच्या माणसासाठी हा हिशेब सुमारे सव्वा मिलिग्रॅम होतो. सुरुवातीचे निष्कर्ष आशादायक होते, परंतु हे प्रयोग मूठभर रुग्णांवरचे होते. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १६ रुग्णांवरील दुहेरी-अंध चाचणीत (कोणाला औषध मिळाले आणि कोणाला नाही, हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही माहीत नसते अशा चाचणीत) झोप लागण्याचा वेळ थोडा कमी झाला आणि अंथरुणात घालवलेल्या वेळेपैकी झोपेचा वाटा थोडा वाढला. मात्र रुग्णांना स्वतःला आपली झोप सुधारली असे वाटले नाही, आणि जो फरक दिसला त्याचा काही भाग औषध नसलेल्या गटातील योगायोगाच्या बदलामुळेही असू शकतो, असे संशोधकांनीच लिहिले. अल्पकाळ दिलेल्या डीएसआयपीचा निद्रानाशात मोठा उपयोग होण्याची शक्यता नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता. आता कुपीसोबत येणाऱ्या सूचना पाहा. त्यांत सहसा १०० ते काही शे मायक्रोग्रॅम कातडीखाली टोचायला सांगतात. म्हणजे ज्या मात्रेचा आणि मार्गाचा थोडाफार अभ्यास झाला, त्याहून कितीतरी कमी मात्रा आणि वेगळाच मार्ग. ज्या प्रयोगांचा दाखला देऊन हा माल विकला जातो, ते प्रयोग या वापराला लागूच पडत नाहीत.

दुसऱ्या कुपीतील सीजेसी-१२९५ आणि इपामोरेलिन ही शरीराला वाढ संप्रेरक (ग्रोथ हार्मोन) सोडायला लावणारी पेप्टाइडे आहेत, आणि त्या मिश्रणामागचा तर्क उलटा आहे. रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत वाढ संप्रेरकाचा मोठा लोंढा रक्तात येतो, हे १९६० च्या दशकापासून माहीत आहे. त्यावरून, वाढ संप्रेरक वाढवले की गाढ झोप वाढेल, असा अर्थ विक्रेते काढतात. म्युनिक येथील प्रयोगांत वाढ संप्रेरक सोडवणारे नैसर्गिक पेप्टाइड निरोगी तरुण पुरुषांना रात्री शिरेतून दिल्यावर गाढ झोप वाढलेली दिसली, हे खरे आहे. पण त्यावरून ५८ वर्षांच्या, पहाटे तीनला जागे होणाऱ्या माणसाबद्दल काहीच ठरत नाही. इपामोरेलिनची चाचणी तर पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर मंदावलेली आतडी चालू करण्यासाठी झाली होती आणि तेथेही ते टिकले नाही. शिवाय वाढ संप्रेरक इन्सुलिनच्या विरोधात काम करते, त्यामुळे साखर वाढू शकते. वडिलांची साखर शेवटची कधी तपासली होती, हे आपल्या प्रश्नात नाही. याच पंक्तीत ‘एपिटॅलॉन’ नावाचे चार अमिनो आम्लांचे पेप्टाइडही विकले जाते. त्याची बहुतेक माहिती सेंट पीटर्सबर्गच्या एकाच गटाकडून आलेली आहे, आणि त्यावर मी याहून अधिक वेळ घालवणार नाही.

आता मालाबद्दल. आपण कृषी केंद्र चालवता, म्हणून ही गोष्ट आपल्याला माझ्यापेक्षा चांगली कळेल. मृगाच्या आधी गावोगाव चोरबीटीची, म्हणजे कपाशीच्या बेकायदा बियाण्याची, जी पाकिटे फिरतात, त्यांवर कंपनीचे नाव धड नसते, बिल मिळत नाही, उगवण झाली नाही तर तक्रार कोणाकडे करायची हे कोणी सांगत नाही, आणि तरीही ‘पलीकडच्या गावात एकरी इतके झाले’ ही बातमी पाकिटाच्या आधी पोहोचते. या कुपीचे तसेच आहे. तिच्यावर बहुधा ‘केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही’ असे छापलेले असते. ही ओळ विक्रेत्याला वाचवण्यासाठी असते. भारतात नवीन औषध केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेच्या मान्यतेशिवाय विकता येत नाही, आणि माणसांवर प्रयोग करायचा तर २०१९ च्या नियमांनुसार नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि चाचणीची सार्वजनिक नोंदणी लागते. चाचणीमुळे सहभागी व्यक्तीला इजा झाल्यास प्रायोजकाने उपचार आणि नुकसानभरपाई द्यावी लागते. घरच्या खाटेवर केलेल्या प्रयोगात यांपैकी काहीच नसते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही २०२३ मध्ये डीएसआयपी, सीजेसी-१२९५ आणि इपामोरेलिन यांना, औषध दुकानांनी मागणीनुसार बनवून देण्याच्या संदर्भात, सुरक्षिततेची शंका असलेल्या पदार्थांच्या गटात टाकले होते.

कुपीत काय आहे, हा वेगळा प्रश्न. पेप्टाइड तयार करताना अर्धवट तुटलेल्या किंवा चुकीच्या साखळ्या राहतात, आणि त्या काढून टाकणे हेच खर्चाचे काम असते. ट्रिप्टोफॅन हवेतील प्राणवायूने बिघडते. वाळवलेली पावडर थंड ठेवावी लागते, पाण्यात मिसळल्यावर तर फ्रिजमध्येच. कुरिअरच्या गाडीत एप्रिल-मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, पुणे ते यवतमाळ प्रवास केलेल्या आणि नंतर भारनियमनाच्या फ्रिजमध्ये ठेवलेल्या कुपीत नेमके काय शिल्लक उरते, हे पाहण्याचे साधन आपल्याकडे नाही आणि माझ्याकडेही नाही.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती ‘मला तर गुण आला’ म्हणणाऱ्यांना लागू पडते. अमेरिकेत पॅपेनहायमर यांच्या गटाने जागे ठेवलेल्या शेळ्यांच्या मेंदूतील द्रवातून झोप आणणारा घटक शोधला, आणि पुढे तो शुद्ध केल्यावर लक्षात आले की तो जिवाणूंच्या पेशीभित्तीतून येणाऱ्या म्युरामिल पेप्टाइडच्या जातीचा आहे. संसर्ग झाला की आपल्याला गुंगी येते, झोप वाढते आणि ताप चढतो, ती याच यंत्रणेची एक बाजू आहे. जिवाणूंच्या भित्तीतील दुसरा घटक म्हणजे एंडोटॉक्सिन. निरोगी स्वयंसेवकांना ते अगदी सूक्ष्म प्रमाणात दिले तेव्हा त्यांची स्वप्नरहित झोप काहीशी वाढली, आणि प्रमाण वाढवल्यावर ताप येऊन झोप उलट बिघडली. इंजेक्शनच्या औषधात एंडोटॉक्सिन नाही ना, याची तपासणी परवानाधारक कारखान्याला करावी लागते. संशोधनासाठीच्या कुपीवर तसे बंधन नाही. तेव्हा टोचल्यानंतर अंग जड होऊन डोळे मिटले, तर ते डीएसआयपीमुळे की कुपीतील घाणीमुळे, हे सांगता येत नाही. निद्रानाशात औषध नसलेल्या गोळीचाही परिणाम बराच असतो, ही बाब आणखी वेगळी.

पेप्टाइडच्या अभ्यासातून झोपेचे खरे औषध निघालेच नाही असे मात्र नाही. १९९८ मध्ये मेंदूत ओरेक्सिन हे पेप्टाइड सापडले. ते माणसाला जागे ठेवते, आणि ते बनवणाऱ्या पेशी नष्ट झाल्या तर दिवसा अचानक झोपेचे झटके येण्याचा विकार होतो. त्यावरून ओरेक्सिनच्या ग्राही अडवणाऱ्या गोळ्या तयार झाल्या; त्यांतील पहिली, सुव्होरेक्सँट, २०१४ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. म्हणजे जे चालले ते पेप्टाइड टोचून नव्हे, तर जागे ठेवणाऱ्या पेप्टाइडला अडवून. त्या गोळ्या महाग आहेत आणि आपल्या वडिलांसाठी पहिली निवड नाहीत. आता बाजारात सहज मिळणारे मेलाटोनिन हे पेप्टाइड नाही. अनेक चाचण्या एकत्र पाहिल्यावर त्याने झोप लागण्याचा वेळ सरासरी सात मिनिटांनी कमी होतो असे दिसले आहे. पहाटे तीनला मोडणाऱ्या झोपेवर त्याचा उपयोग फार कमी.

आता वडिलांकडे वळतो, कारण आपल्या प्रश्नात मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते कुपीबद्दलचे काहीच नाही. पहाटे लवकर जाग येणे, भूक आणि वजन कमी होणे, बोलणे आटणे, आणि हे सर्व काही महिन्यांपासून एकत्र असणे, हे चित्र नैराश्याचे असू शकते. आपल्याकडची माणसे ‘मन उदास आहे’ असे सहसा म्हणत नाहीत. ती ‘झोप येत नाही’, ‘डोकं जड राहते’, ‘अंगात ताकद नाही’ असे म्हणतात. सोयाबीनचा भाव, कापसाचे चुकारे, सोसायटीचे कर्ज, मुलीचे लग्न, यांपैकी काय मनात आहे ते एकांतात विचारावे. ‘जीव नकोसा वाटतो काय, काही करून घ्यावे असे मनात येते काय’, हेही स्पष्ट शब्दांत विचारावे. असे विचारल्याने तो विचार मनात घातला जात नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. आणि आपण कृषी केंद्र चालवता म्हणून आग्रहाने सांगतो: मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी फवारणीची औषधे घरात किंवा गोठ्यात ठेवलेली असतील तर ती आजच दुकानात हलवा, गोदामाला कुलूप लावा आणि किल्ली वडिलांच्या हाती राहू देऊ नका. अशा प्रसंगी जीव घेण्याची इच्छा पुष्कळदा थोड्या वेळाची असते, आणि त्या वेळेत हाताशी काय होते यावर जीव वाचणे अवलंबून राहते. उत्तर ‘होय’ आले तर त्यांना एकटे न सोडता त्याच दिवशी दवाखान्यात आणावे. टेलि-मानस ही शासनाची मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत बोलते. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो.

नैराश्य नसेल तर शरीराची कारणे पाहावी लागतात, आणि ती बहुधा सापडतात. रात्री लघवीला किती वेळा उठतात, म्हणजे साखर आणि प्रोस्टेट. घोरतात काय आणि घोरता घोरता श्वास थांबतो काय, हे आईला विचारा. संध्याकाळी पाठ टेकल्यावर पायांत वळवळ होऊन पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही असे असेल तर रक्तातील लोह, विशेषतः फेरिटिन, तपासावे. रक्तक्षय आपल्या भागात मुबलक आहे, आणि पूर्व विदर्भात सिकलसेलही. घरात कोणाला तो असेल तर सांगावे. थायरॉइड आणि रक्तदाब पाहावा. हे सर्व ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात आणि जवळच्या प्रयोगशाळेत होण्यासारखे आहे.

मग खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण. जेवणानंतर खर्रा तोंडात ठेवून झोपण्याची सवय या भागात इतकी सर्वसाधारण आहे की रुग्ण तिचा उल्लेखही करीत नाहीत. तंबाखूतील निकोटिन मेंदूला जागे करते, आणि रात्री त्याचा अंमल उतरला की तलफेने झोप मोडते. चहातील कॅफिनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनंतरही अंगात असतो. संध्याकाळच्या चहानंतर काही नाही आणि रात्रीच्या जेवणानंतर खर्रा नाही, एवढे पंधरा दिवस पाळले तरी फरक कळतो. दारूने झोप लागते, पण उत्तररात्री तीच झोप मोडते, आणि अल्प्राझोलामवर दारू घेतली तर श्वास मंदावण्याचा धोका असतो.

रात्रीच्या ओलिताचा उल्लेख आपण केलेला नाही, पण दिवाळीपासून म्हणजे रब्बीपासून हे सुरू झाले आहे, म्हणून विचारतो: हरभऱ्याला पाणी देण्यासाठी आणि रोही-रानडुकरांच्या जागलीसाठी वडील वावरात जातात काय? थ्री फेजचा पुरवठा एका आठवड्यात दिवसा आणि दुसऱ्या आठवड्यात रात्री येतो तेव्हा कास्तकाराच्या शरीरातील घड्याळ कारखान्यातील फिरत्या पाळीच्या कामगारासारखे बिघडते. ओलिताची पाळी शक्यतो तरुण माणसांकडे द्यावी. वडिलांना जावेच लागले तर परतल्यावर अंधाऱ्या खोलीत ठरावीक वेळ झोपू द्यावे, पण त्या झोपेच्या भरपाईसाठी दुसऱ्या दिवशी दुपारभर नाही. दिवसा चालणारा सौर कृषिपंप मिळत असेल तर अर्ज जरूर करावा. त्याला मी अर्धे झोपेचे औषधच समजतो. जनावरांसाठी सौर झटका यंत्र लावावे, मात्र कुंपणात थेट वीज कधीही सोडू नये, त्यात माणसे मरतात.

यापुढचा उपचार वागणुकीचा आहे, आणि दीर्घकालीन निद्रानाशासाठी तोच पहिला द्यावा अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये केली आहे. त्याचे दोन भाग मला ग्रामीण घरांत सर्वांत उपयोगी वाटतात. पहिला असा की खाट फक्त झोपेसाठी ठेवायची; जाग येऊन बराच वेळ झोप लागत नसेल तर उठून छपरीत बसायचे, मोबाईल न पाहता, आणि डोळे जड झाले की परत यायचे. दुसरा असा की माणूस प्रत्यक्ष जितके तास झोपतो तितकाच वेळ खाटेवर घालवायचा. वडील पाच तास झोपत असतील तर त्यांनी दहाला पडूच नये. साडेबाराला पडावे आणि साडेपाचला रोज उठावे, मग झोप सलग झाली की दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटे वाढवावी. खाटेवरचा वेळ पाच तासांखाली नेऊ नये. पहिले दहा-बारा दिवस दिवसा पेंग येते, म्हणून त्या काळात ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि कडबा कापण्याचे यंत्र त्यांच्याकडे देऊ नये. फेफरे, उन्माद किंवा तीव्र नैराश्य असेल तर हा भाग डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. उन्हाळ्यात शरीराचे आतील तापमान उतरल्याशिवाय झोप लागत नाही, म्हणून मच्छरदाणी लावून अंगणात खाट टाकणे हे जुने रीतीचे आणि शास्त्राचेही आहे.

अल्प्राझोलाम एकदम बंद करू नका. ते रोज घेतले जात असेल तर अचानक थांबवल्याने झोप आणखी उडते, आणि काहींना झटकेही येतात. ते अनुसूची एच-१ मधील औषध आहे, चिठ्ठीशिवाय मिळायलाच नको होते. किती, केव्हापासून आणि कोणत्या मात्रेत घेतले हे लिहून आणा, म्हणजे कमी करण्याचा क्रम ठरवता येईल.

कुप्यांचे काय करायचे, हेही सांगतो. स्वतःवरही प्रयोग करू नका. अजून काही टोचलेले नसेल तर त्या तशाच बंद ठेवा आणि येताना घेऊन या. टोचले असेल आणि थंडी वाजून ताप आला, टोचल्याची जागा लाल होऊन सुजली, धाप लागली किंवा चेहरा सुजला, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. कुपी, सिरिंज आणि ज्या पाण्यात पावडर मिसळली ती बाटली, तिन्ही सोबत आणा, आणि ती कोठून आली हे डॉक्टरांना लपवू नका. मेहुण्यालाही हे कळवा, कारण तो स्वतः ती घेत असण्याची शक्यता मला बरीच वाटते.